गाठीमागे एक रुपया

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचा इतिहास सांगताना अमेरिकेतील यादवी युद्ध, लिव्हरपूलचे भाव, आगगाडीचे आगमन आणि जिनांची धुराडी यांचे वर्णन आपल्याकडे पुष्कळ विस्ताराने होत आले आहे. परंतु मुंबईत दाखल होणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १९२० च्या सुमारास सरकारने जो एक रुपया जकात म्हणून बसवला, आणि त्या वसुलीच्या आधारावर मजुरांसाठी जी घरे बांधली गेली, त्यांची आठवण आपल्या मुलखात फारशी कोणी काढत नाही. ती घरे म्हणजे शिवडी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील बी.डी.डी. चाळी होत. आज त्यांपैकी अनेक पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत. म्हणून त्या वसाहतींतून पायी फिरून, आणि त्यांच्या परिसराची जी जुनी चित्रे व अनुबोधपट शिल्लक आहेत ती पाहून, या वारशाचे स्वरूप समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वऱ्हाडचा या वास्तूंशी असलेला संबंध प्रथम स्पष्ट केला पाहिजे. १८५३ च्या तहाने निजामाच्या अमलातून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आलेल्या या प्रांताची काळी जमीन इंग्रजांच्या नजरेत भरली ती मुख्यत्वे कापसासाठी. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीचा. पूर्वी बैलांच्या तांड्यांवर लादून, घाटरस्त्याने महिनोन् महिने चालणारा माल आता अकोल्याच्या व बडनेऱ्याच्या फलाटावरून थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला. जिनात सरकी वेगळी करून, प्रेसमध्ये दाबून, तागाच्या गोणपाटात लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली सुमारे ३९२ पौंडांची गाठ हे या सबंध व्यवहाराचे परिमाण ठरले. आणि सरकारने जकात बसवली तीही याच परिमाणावर. व्यापारी जकात पदरची भरत नाही, ती शेवटी भावात वळती होते, हे बाजार समितीच्या आवारात गाडी उभी केलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. म्हणून या चाळींच्या पायात वऱ्हाडातील पऱ्हाटीचा अंश आहे असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत घरांची टंचाई पराकोटीस गेली होती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले आणि काही चाळीही बांधल्या; परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची सुमारे २२ वर्षे काढली. परंतु गिरण्यांच्या वाढीपुढे ते बांधकाम तोकडे पडले. अशा वेळी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बी.डी.डी.) स्थापन केले आणि मजुरांसाठी ६२५ चाळी, म्हणजे ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर केला. इंग्लंडमध्ये १९१९ च्या ॲडिसन कायद्याने नगरपालिकांवर कामगारांची घरे बांधण्याची जबाबदारी टाकली होती, व्हिएन्नाच्या नगरपालिकेने पुढील दशकात कार्ल मार्क्स होफसारखी १,३८२ घरांची प्रचंड वास्तू उभारली. मुंबईचा हा प्रयोग त्याच जागतिक प्रवाहातला होता. मात्र त्या देशांत घर बांधताना मजुराच्या कुटुंबाचा जो विचार झाला, तो येथे झाला नाही. येथे विचार झाला तो बहुतांशी खर्चाचा आणि संख्येचा.

प्रत्यक्षात ६२५ ऐवजी २०७ चाळी बांधून झाल्या: वरळीस १२१, नायगावास ४२, तेव्हाच्या डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची. प्रत्येक मजल्यावर मध्ये लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. संडास सामायिक. लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा इतक्या मोठ्या प्रमाणावर वापर त्या काळी नवाच होता, आणि या भिंती शंभर वर्षे टिकल्या हे त्या बांधणीचे निर्विवाद यश मानावे लागेल. पण त्याच भिंतींनी खोल्यांत काळोख आणि उकाडा कोंडला, अशी तक्रार पहिल्यापासून होत आली.

या वसाहतींची पायी यात्रा करावयाची तर ती कॉटन ग्रीन स्थानकापासून सुरू करावी, असे मी वऱ्हाडी वाचकास सुचवीन. कुलाब्यास असलेला कापसाचा बाजार १९२० च्या दशकात शिवडीच्या बाजूस हलवण्यात आला, आणि त्या बाजाराचे नाव या स्थानकास मिळाले. आपल्याकडील गाठी जेथे उतरत, तोलल्या जात आणि विकल्या जात, त्या वखारींच्या परिसरातून उत्तरेकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर शिवडीच्या बारा चाळी लागतात. माल आणि मजूर या दोहोंची सोय इतक्या जवळजवळ झालेली येथे दिसते. शिवडीची जमीन बंदर प्रशासनाच्या मालकीची असल्यामुळे तेथील पुनर्विकास इतर तीन ठिकाणांच्या मागे पडला आहे. त्यामुळे मूळ चाळीचे रूप पाहण्यास ही जागा आजही उपयोगी आहे.

जिना चढून पहिल्या मजल्यावरच्या बोळात शिरले की भर दुपारीही डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. प्रकाश येतो तो बोळाच्या टोकांतून आणि उघड्या दारांतून. म्हणून ज्या खोलीचे दार बंद, तिच्यापुढचा बोळ तेवढाच काळवंडलेला असतो. दारांवर खोलीचे क्रमांक रंगवलेले, दाराशेजारी पाण्याचे निळे पिंप, त्याच्या झाकणावर वाळत घातलेली पायपुसणी, वर खिळ्याला टांगलेली सायकल. आत डोकावले तर १६० चौरस फुटांत दोन मजले झालेले असतात. खालच्या जमिनीवर ओटा, मोरी, कपाट, देव्हारा आणि पलंग. वर लाकडी फळ्यांचा पोटमाळा, ज्यावर अभ्यास करणारी मुले, पाहुणे आणि नवविवाहित दांपत्य ही सगळीच पाळीपाळीने राहिलेली असतात. माळ्यावर जाणारी शिडी भिंतीस टेकवून ठेवण्याची जागादेखील ठरलेली असते, कारण ती वीतभर सरकली तरी कपाटाचे दार उघडत नाही. कोणत्याही नकाशात न सापडणारे हे ज्ञान त्या घरातील लहान मुलासही असते. चालण्याचा खरा लाभ हाच, की १६० या आकड्याचा अर्थ अंगाला कळतो.

शिवडीहून पश्चिमेकडे नायगाव, तेथून दक्षिणेस लोअर परळच्या बाजूने ना. म. जोशी मार्ग, आणि शेवटी समुद्राच्या अंगाला वरळी, असा हा मार्ग आहे. ज्यांच्या नावाने डिलाईल रोड आज ओळखला जातो, त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि बी.डी.डी.चा जन्म झाला त्याच १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत ते प्रमुख होते. सरकारने भिंती बांधल्या, परंतु रात्रशाळा, वाचनालये, पतपेढ्या आणि संघटना ही त्या भिंतींच्या आतली दुसरी इमारत जोशींसारख्यांनी आणि खुद्द रहिवाशांनी बांधली.

वरळीत एक समज ठिकठिकाणी ऐकू येतो, तो असा की या चाळी मुळात तुरुंग म्हणून बांधल्या गेल्या. वस्तुस्थिती उलट आहे. त्या मजुरांसाठीच बांधल्या; पण अंदाजाबाहेर गेलेला बांधकामाचा खर्च, त्यामुळे मजुरास न परवडणारे भाडे आणि गिरण्यांपासूनचे अंतर या कारणांनी वरळीच्या कित्येक इमारती प्रथम ओस पडल्या, आणि १९३० च्या कायदेभंगात तुरुंग अपुरे पडू लागताच सरकारने त्यांतच सत्याग्रहींना डांबले. याच खात्याच्या बॅकबे भरावातील गैरकारभार खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला आणि त्यावरून झालेल्या बेअब्रूच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले, हे मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील मोठे प्रकरण आहे. ज्या खात्याने देशभक्तांसाठी नकळत कोठड्या तयार केल्या, त्याच खात्याला लोकमताच्या न्यायासनापुढे उभे राहावे लागले.

पुढे भाडी उतरली आणि चाळी भरल्या. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसे आली. गावाच्या नावाने मंडळे निघाली, एका खोलीत पाळ्यांनी झोपणारे गाववाले आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया यांचा संसार सुरू झाला. १९७५ मध्ये अशाच बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. पूर्वास्पृश्य समाजाच्या मोठ्या वस्त्या या चाळींत झाल्या, आणि गणेशोत्सव व आंबेडकर जयंती हे दोन्ही उत्सव येथल्या मैदानांनी पाहिले. या गर्दीत वऱ्हाडी माणूस मात्र विरळाच. आपला कापूस मुंबईस गेला, माणूस मागे राहिला. आणि ज्याने सूत काढले त्याची व ज्याने कापूस पिकवला त्याची ओळख शंभर वर्षांत झालीच नाही.

आता चित्रफितींकडे वळू. सरकारी दप्तर अशा वसाहतीकडे बहुधा तीनच प्रसंगी पाहते: ती बांधताना, तेथे दंगल झाली असताना आणि ती पाडताना. जानेवारी १९७४ मध्ये वरळीस दलित पँथर आणि शिवसेना यांच्या अनुयायांत संघर्ष पेटला, तो नायगावापर्यंत पसरला, आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला गेला. त्या निमित्ताने जेवढा मजकूर कागदावर आला, तेवढा तेथील शांततेच्या पन्नास वर्षांबद्दल आला नसेल. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्रुइट-आयगो ही वसाहत १९७२ पासून सुरुंग लावून पाडण्यात आली. कोसळणाऱ्या इमारतींची ती दृश्ये जगभर पाहिली गेली, १९८२ च्या ‘कोयानिस्कात्सी’ या चित्रपटातही ती आली, आणि तेथे राहिलेल्या हजारो कुटुंबांचे आयुष्य त्या काही क्षणांच्या धुरळ्याखाली झाकले गेले. याच्या अगदी विरुद्ध उदाहरण १९३५ च्या ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या ब्रिटिश अनुबोधपटाचे. आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी यांनी लंडनच्या स्टेपनी भागातील गलिच्छ घरांत कॅमेरा नेला आणि रहिवाशांना थेट त्याच्यापुढे उभे करून बोलू दिले. उंदीर, गळकी छते आणि कुजलेले जिने यांची हकीकत ज्यांनी सोसले त्यांच्याच तोंडून ऐकण्याची प्रथा अनुबोधपटात तेव्हापासून रूढ झाली.

मुंबईच्या गिरणगावाला असे साक्षीदार उशिरा लाभले. आनंद पटवर्धन यांच्या १९९६ च्या ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ या लघुपटात बंद पडलेल्या गिरणीचे दार कामगार स्वतः उघडतात, अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या २००१ च्या ‘साचा’ या पटात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या सोबतीने आपण गिरणगावातून हिंडतो. कथापटांनीही, हेतू नसताना, मोठी नोंद करून ठेवली आहे. राजा ठाकूर यांच्या १९७० च्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचा विषयच असा की दाटीवाटीच्या बिऱ्हाडात नव्या जोडप्यास एकांत कोठून मिळणार. आणि या विनोदी कथानकाच्या निमित्ताने चाळीतल्या घराची मांडणी, पडदे, भांडी, शेजाऱ्यांची ये-जा हे सारे पडद्यावर कायम झाले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावरून २०१० मध्ये निघालेल्या ‘लालबाग परळ’ने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतरच्या घरांची पडझड दाखवली. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही; गिरण्या मात्र बंद होत गेल्या.

जुनी फीत वाचण्याचीही एक विद्या आहे. दादरच्या रस्त्याच्या दृश्यात ट्रॅम असेल, तर ते ३१ मार्च १९६४ च्या आधीचे, कारण त्या दिवशी मुंबईतील शेवटची ट्रॅम धावली. धुराड्यांतून धूर निघत असेल, तर बहुधा १९८२ च्या पूर्वीचे. भिंतीवरची चित्रपटाची भित्तिपत्रके, निवडणुकीची चिन्हे, दुकानांच्या पाट्या, बायकांच्या लुगड्यांची आणि पाचवारी साड्यांची सरमिसळ, हे प्रत्येक चिन्ह काळाचा एकेक पुरावा देते. मग ती फीत रहिवाशांना दाखवावी, ओळखीची जागा येताच थांबवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर त्याच जागेपर्यंत चालत जावे. पडद्यावर पाहिलेल्या नळापाशी उभे राहिल्यावर वृद्ध माणसांना जे आठवते, ते घरात बसून विचारलेल्या प्रश्नावलीने आठवत नाही. चालण्याने जागेचे माप कळते, फितीने काळाचे; आणि त्या दोहोंना जोडणारा दुवा असतो तो तेथे राहिलेल्या माणसाच्या साक्षीचा.

चित्रफीत स्वतःही कापसाशी नाते सांगते, हे येथे सांगितलेच पाहिजे. जुन्या चित्रपटांची नायट्रेट फीत ज्या सेल्युलोजपासून तयार होई, त्याचा एक मुख्य स्रोत म्हणजे रुई काढून घेतल्यावर सरकीस चिकटून राहणारी बारीक लव. तिच्यावर नत्राम्लाची प्रक्रिया करून हा पारदर्शक पदार्थ मिळवीत. तो अत्यंत ज्वालाग्राही असे. १९६४ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्यातील अनेक नायट्रेट फिती जानेवारी २००३ मधील आगीत नष्ट झाल्या. नंतरची ॲसिटेट फीत पेटत नसली, तरी उष्ण व दमट हवेत ती आक्रसते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो आणि शेवटी तिच्यावरचे चित्र सुटून येते. वास्तू जितकी नाशवंत, तितकीच तिची प्रतिमाही नाशवंत. म्हणून एकीचे जतन झाले की दुसरीची काळजी मिटली, असे मानता येत नाही.

चाळी जशाच्या तशा राखाव्यात असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबास ५०० चौरस फुटांचे स्वतःचे घर मिळणे हा त्याचा न्याय्य हक्क आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तो दिवस आनंदाचाच मानला पाहिजे. सामायिक संडासापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या बाईस वारशाच्या नावाखाली तेथेच राहण्यास सांगण्याचा अधिकार पाहुण्यास नाही. पण घर बदलताना त्या घराची साक्ष नोंदवून ठेवणे, हे त्याच हक्काचे दुसरे अंग आहे. व्हिएन्नाच्या कार्ल मार्क्स होफमध्ये लोक आजही राहतात, आणि तेथल्या जुन्या सार्वजनिक धोबीघरात त्या वसाहतीच्या इतिहासाचे कायमचे प्रदर्शन मांडलेले आहे. राहणाऱ्यांची सोय आणि इतिहासाची नोंद यांत विरोध नाही, हे तेथे सिद्ध झाले आहे.

आणि हेच कर्तव्य वऱ्हाडाने आपल्या घरी पार पाडावयाचे आहे. १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या गिरण्यांत अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल होती, अचलपूरची विदर्भ मिल होती. त्यांच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस उजाडले आणि मावळले, त्या मजुरांच्या वस्त्या. बडनेऱ्याची रेल्वेची क्वार्टर्स. जिन-प्रेसच्या आवारांत हंगामापुरती उभी राहणारी रेजांची खोपटी. अमरावतीच्या परकोटाच्या आतले वाडे आणि बाहेरची कॅम्पाची बंगलेवजा घरे, या सर्वांची पायी पाहणी आणि चित्रमुद्रित साक्ष अजून व्हावयाची आहे. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव कीर्तने केली. पण आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो १९५६ साली वांद्र्यास कोणीतरी त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित केले म्हणून. आपल्या मुलखातल्या संताचा स्वर परमुलखातल्या एका दक्ष माणसामुळे वाचला, यातून घ्यावयाचा धडा उघड आहे.

या कामास मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी, मिलच्या गेटवर काढलेले सामूहिक फोटो, एकाधिकार खरेदीच्या काळातील कापूस-पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या हे सारे घरोघरी पेट्यांत पडून आहे. अमरावतीच्या विद्यापीठातील आणि अमरावती व अकोला या दोन्ही शहरांतील महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एकेक वस्ती वाटून घ्यावी, कॅसेटींच्या संगणकीय प्रती कराव्यात, मूळ वस्तू घरमालकास परत द्यावी, वस्तीतच पडदा लावून ती दृश्ये दाखवावीत, आणि जाणत्या माणसांबरोबर चालत जाऊन त्यांचे कथन कॅमेऱ्यात नोंदवावे. नोंदीची एक प्रत वस्तीपाशी राहावी, कारण तो ठेवा तिचा आहे. १९८२ मध्ये गिरणीत काम करणारा अठरा वर्षांचा तरुण आज साठीच्या पुढे गेला आहे, आणि त्याच्या आधीच्या पिढीतील साक्षीदार झपाट्याने कमी होत आहेत. म्हणून हे काम पुढच्या योजनेवर न ढकलता, वेचणीचा हंगाम संपून माणसांना बोलण्यास उसंत मिळेल त्या येत्या उन्हाळ्यातच हाती घेतले पाहिजे.